तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

माझी बहीण अजून आत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तिची सुटका होते की काय अशा आशेवर कुणी वाचत बसायला नको. उत्कंठा वगैरे वाढवणं मला जमत नाही. का जमत नाही, तेच सांगायला बसले आहे.

आत म्हणजे निवासात. नगर रस्त्याला वाघोली ओलांडली की आतल्या बाजूला ही जागा आहे. आजूबाजूला आता इतक्या उंच सोसायट्या झाल्यात की वरच्या मजल्यांवरून निवासाचं अंगण स्वच्छ दिसत असणार. झाडलेलं आवार, शंभरेक माणसं, बायका ओळीनं बसून भाजी निवडतायत. बघायला छान वाटत असेल. मी चार वर्षांची असताना आईवडील मला घेऊन तिथं राहायला गेले, तेव्हा चारी बाजूंना नुसती ज्वारी होती.

वडील विदर्भातले. कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आलेले. इथं ओळखीचं कुणी नाही, घरी या म्हणणारं कुणी नाही. भाड्याच्या खोलीसमोरच्या काकू वर्षभर त्यांना "कोण पाहिजे?" एवढंच विचारायच्या, तेही रोज जिन्यात दिसणाऱ्या माणसाला. निवासातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांना पंगतीला बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. लोक मला विचारतात, "शिकलीसवरलेली माणसं अशी कशी हो फसतात?" मी म्हणते, तुम्ही एकदा जेवायला बोलावलं असतंत तर नसती फसली.

निवासाच्या प्रमुखांना आम्ही नुसतं 'मोठे' म्हणायचो. मोठे आले, मोठे झोपले, मोठ्यांना कमी तिखट लागतं. पांढरा शर्ट, कापडी चपला, मास्तरांसारखा मऊ आवाज. देव नाही, अंगारा नाही, चमत्कार नाही. त्यामुळे आपण कुणा बुवाच्या नादी लागलोय असं आमच्यातल्या कुणाला वाटलंच नाही. माणसाच्या सगळ्या दुःखाचं मूळ लपवण्यात आहे, एवढंच ते शिकवायचे. ऐकायला काय वाईट आहे? मलाही वाटायचं, बरोबरच आहे की.

त्यासाठी रविवारचं सांगणं असायचं. सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं, मांडीवर हात उपडे ठेवायचे आणि एकेकानं आठवडाभरात काय लपवलं ते सांगायचं. स्वतःचं सांगायचं आणि दुसऱ्याचं पाहिलेलंही सांगायचं. सांगून झालं की मोठे विचारायचे, "राहिलं का काही?" मग आणखी सांगायचं. पुन्हा, "राहिलं का काही?" असं तीन वेळा. पहिल्यांदा किरकोळ निघायचं, म्हणजे गूळ खाल्ला, कंटाळा केला. दुसऱ्यांदा जरा वजनदार. तिसऱ्यांदा मात्र जे सांगायचंच नसतं ते द्यावं लागायचं. नाही दिलं तर कुणी ओरडायचं नाही, मारायचं नाही. सगळे नुसते थांबायचे. सांगणं संपेपर्यंत चूल पेटत नसे. शंभर माणसं उपाशीपोटी शांतपणे तुमच्या तोंडाकडे बघत बसलीयत, मांडीवरची लहान मुलं रडायला लागलीयत, असं दहा मिनिटं बसून बघा. तुम्हीही द्याल.

मी सात वर्षांची असताना तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मग मी आईचं सांगितलं. म्हटलं, आई कणीक मळताना तिच्या आईची आठवण काढून रडते आणि कुणी आलं की डोळ्यात काहीतरी गेलं म्हणते.

मोठ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईला एकवीस दिवसांचा अबोला मिळाला. अबोला म्हणजे तिनं कुणाशी बोलायचं नाही आणि कुणी तिच्याशी बोलायचं नाही. ती रोज सकाळी माझी वेणी घालायची. मी "आई, दुखतंय" म्हणायचे, ती हात सैल करायची, पण बोलायची नाही. बाविसाव्या दिवशी म्हणाली, "वेणी बसली का गं नीट?" एवढंच. त्यानंतर आई माझ्यासमोर कधी रडली नाही. खरं तर माझ्यासमोर तिनं काहीच केलं नाही. मी आले की ती उठून दुसरं काम काढायची. मी एकोणीस वर्षांची असताना ती गेली. वडील त्याआधीच गेले होते. तिला नेमकं काय दुखत होतं ते तिनं मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मला सांगणं म्हणजे शंभर जणांना सांगणं, हे ती ओळखून होती. स्वतःच्या पोटच्या पोरीला घाबरून जगली बिचारी. हे आठवलं की आजही मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, म्हणजे वाढवली मीच. तिला भात कालवून भरवला मी, उवा काढल्या मी, आणि रविवारी तिच्या कागाळ्याही केल्या मीच. त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. दात घासायला लावतात ना मुलांना, तसं.

चोविसाव्या वर्षी मी बाहेर पडले. धाडस वगैरे काही नाही, उगाच कुणी टाळ्या वाजवू नका. निवासातल्या एका आजारी आजींसोबत मला इस्पितळात राहायला पाठवलं होतं. तिथं सतरा दिवस मला कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई भेळ खायची, मलाही द्यायची, आणि मी कोण, कुठली, एका शब्दानं विचारायची नाही. आजींना घरी सोडलं, निवासाची गाडी आली, आणि मी पाणी आणते म्हणून निघाले ती चालतच राहिले. निवासात असतानाच ठरवलं असतं तर रविवारी सांगूनच टाकलं असतं. म्हणून ठरवलंच नव्हतं. चौदा वर्षांची बहीण त्या वेळी निवासात माझी वाट बघत होती.

बाहेर येऊन मी बरी होत गेले असं लिहायला मला आवडलं असतं. पहिल्या नोकरीत साहेबांनी सहज विचारलं, "काल उशिरा कोण कोण आलं?" मी पाच जणांची नावं सांगितली, सहावं माझं. तिथं माझं नाव 'भोंगा' पडलं. एकदा लग्नासाठी एक गृहस्थ बघायला आले होते, भले माणूस होते. त्यांनी "अजून काही?" असं विचारलं आणि चहा निवायच्या आत मी त्यांना माझं सगळं आयुष्य सांगून मोकळी झाले. पुन्हा आले नाहीत. आता येरवड्यात एका तपासणी प्रयोगशाळेत काउंटरवर बसते. लोकांची नावं-वयं लिहून घेते आणि रिपोर्टचं पाकीट चिकटवून देते. पाकीट बंद असतं हे माझं नशीब, नाहीतर तिथंही टिकले नसते.

शनिवार पेठेत एका समुपदेशक बाईंकडे जायचे. बाई चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बोलत राहा. बोललं की जखम भरते." मी म्हटलं, "अहो, जन्मभर बोलतेच आहे. बोलण्यानंच तर वाट लागलीय माझी." त्या हसल्या. मी थट्टा करतेय असं वाटलं त्यांना.

मी बाहेर पडल्याला चौदा वर्षं झाली होती, तेव्हा एका शनिवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी बोलतेय."

मी फोन घेऊन काउंटरखाली बसले. बहिणीकडे आता निवासाच्या कचेरीचं काम होतं. मोठ्यांच्या भाषणांच्या प्रती काढायला तिला दर शनिवारी रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवायचे. प्रती निघेपर्यंत दुकानदार तिला आपला फोन वापरू द्यायचा. तीन मिनिटं, फार तर चार. माझा नंबर कुठून मिळवला ते तिनं कधी सांगितलं नाही. दोन वर्षं ती दर शनिवारी बोलली. सुरुवातीला नुसतं "जेवलीस का?", "हो, तू?" मग हळूहळू हसायला लागली. मी एकदा विचारलं, "अगं, रविवारी हे सांगत नाहीस?" ती म्हणाली, "ते मी बघते. तू काळजी नको करू."

मग एके दिवशी म्हणाली, "ताई, मला यायचंय." तिचे शाळेचे दाखले, आधार कार्ड, सगळे कागद निवासाच्या कपाटात होते. दिवाळीनंतर मोठे महिनाभर कोकणात जातात, तेव्हा किल्ली तिच्याकडे असते. तेव्हा ती कागद घेऊन निघणार होती. तोवर कुणाला काही कळता कामा नये. मी दुसरी गादी आणली. कपाटातला एक कप्पा रिकामा केला. बाजूच्या वहिनींच्या पाळणाघरात तिच्यासाठी काम बघून ठेवलं. इतकी खूश होते की स्वयंपाक करताना गुणगुणायला लागले, आणि माझा आवाज काय लायकीचा आहे ते माझं मला माहीत.

त्याच सुमाराला एक मुलगी मुलाखत मागायला आली. इंटरनेटवर लोकांच्या मोठमोठ्या मुलाखती टाकते ती. मी हो म्हटलं, आणि त्यात माझा विचार होता. बहीण बाहेर येण्याआधी निवासाबद्दल चार लोकांना कळलं, की तिला परत ओढून न्यायची त्यांची छाती होणार नाही. समुपदेशक बाईही म्हणाल्या, "तुम्ही तयार आहात."

मुलगी घरी आली, कॅमेरा लावला. "ताई, नो प्रेशर हं. जेवढं कम्फर्टेबल वाटेल तेवढंच बोला." मी दीड तास बोलले. नीट बोलले, तोल सोडला नाही. तिनं विचारलं, "अजून काही सांगायचंय?" मी थोडं सांगितलं. "आणखी काही?" मी आईचं आणि वेणीचं सांगितलं. तिचे डोळे भरले. मग वायर गुंडाळता गुंडाळता, नुसतं आपलं विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "राहिलं नाही ना ताई काही?"

कॅमेरा चालू होता. माझे हात मांडीवर उपडे पडले. मला ते दिसत होते, पण मी ठेवले नव्हते. आणि मी सांगितलं. बहीण शनिवारी झेरॉक्सच्या दुकानातून फोन करते, दिवाळीनंतर कपाटातून कागद काढून पळून येणार आहे, सगळं. ओळीनं, स्वच्छ उच्चारात, लहानपणी सांगायचे तसं.

सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं. आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्या मुलीचा दोष नाही. तिनं विचारलं होतं, "ताई, हे शेवटचं ठेवू ना?" मी म्हटलं, "ठेव. लपवायचं काय त्यात?" मोठ्यांचं वाक्य, जसंच्या तसं माझ्या तोंडात. आणि मला ते कळलंही नाही!

गुरुवारी सकाळी मुलाखत लागली. प्रयोगशाळेतल्या मुलींनी दुपारी डबा खाताना मोठ्या आवाजात लावली. "काय डेअरिंग आहे हो तुमच्यात!" म्हणत एकीनं माझ्या डब्यात श्रीखंड वाढलं. शेवटी माझाच आवाज 'झेरॉक्स' म्हणाला, तेव्हा मला ऐकू आलं की मी काय केलंय. मी त्या मुलीला फोन केला. ओरडत होते नुसती. "काढ गं ते! आत्ताच्या आत्ता काढ!" तिनं दहा मिनिटांत तेवढा भाग काढला. सकाळपासून दुपारपर्यंत होतं ते.

शनिवारी फोन आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मी त्या दुकानात गेले. मी नुसतं 'दादा' म्हटलं, तर दुकानदार माझ्याकडे बघतच म्हणाला, "तुम्ही त्या ताईंच्या बहीण का? आवाज सेम हाय तुमचा." मग खाली बघून म्हणाला, "त्या आता येत न्हाईत. दोन बाया आणि एक माणूस येऊन बसून गेले हितं. तीनदा आले. फोन कुठला, किती टाइम बोलायची, सगळं इचारलं. मी काय बोललो न्हाई. पन त्यांना आधीच सगळं ठावं होतं की वो."

पोलीस चौकीत गेले. साहेब सभ्यपणे बोलले. "वय काय बहिणीचं? तीस? मारहाण? कोंडून ठेवलंय? स्वतःच्या मर्जीनं राहते असं ती म्हणाली तर आम्ही काय करणार, मॅडम?" बरोबरच होतं त्यांचं. गेटला कुलूप नसतंच. कधीच नव्हतं.

दिवाळी गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी निवासाच्या गेटवर जाऊन उभी राहिले. सोळा वर्षांनी. तिला बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण बोलावलं. दोन बायका तिच्यासोबत आल्या. त्यातल्या एकीनं मला लहानपणी पोळ्या लाटायला शिकवलं होतं. तिनं प्रेमानं विचारलं, "बरी आहेस ना गं?" तिला खरोखरच माया होती, हे कुणाला सांगून पटत नाही.

बहीण समोर उभी राहिली. मी शेवटचं पाहिलं तेव्हा फ्रॉक घालायची, आता कानशिलावर एक पांढरा केस. फोनवर हसणारी ती हीच, हे मला बळंच स्वतःला पटवावं लागत होतं. मी काही बोलायच्या आत तिनं हात समोर धरले आणि बोलायला लागली. आवाज रविवारचा होता.

"माझ्याकडून दोन वर्षं लपवणूक झाली. तिसऱ्यांदा विचारलं की मी सांगायचे, मला ताईचा राग येतो. ती मला टाकून गेली म्हणून. दर रविवारी तेच सांगायचे. सगळ्यांना पटायचं. ते खोटं होतं. मला राग नव्हता. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. चाळीस दिवसांचा अबोला झाला."

शंभर भुकेली माणसं समोर, आणि ही पोरगी दोन वर्षं दर रविवारी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांच्या हातात खोटा राग ठेवत होती. त्या रागामागे तिनं मला, फोनला, दिवाळीला, सगळ्याला लपवलं होतं. हे तिला कुणी शिकवलं? आत राहून ती बरी झाली होती आणि सोळा वर्षं बाहेर राहून मी नव्हते झाले. मला तिथंच फतकल मारून रडावंसं वाटलं. इतका अभिमान मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मी म्हटलं, "चल. आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी चल. कागद गेले खड्ड्यात."

ती म्हणाली, "ताई, तू येत जाऊ नकोस. तू आलीस की मला रविवारी ते सांगावं लागतं. काय बोललो, काय वाटलं. मग आणखी विचारतात." आणि पुढं म्हणाली, "परवा मोठ्यांनी विचारलं, आता राग आहे का? मी आहे म्हटलं."

"खोटं ना?" मी विचारलं. त्या दोघी बायकांच्या देखत विचारलं. मूर्ख ती मूर्खच.

ती म्हणाली, "नाही. आता खरा आहे."

मग ती आत गेली. पोळ्या शिकवलेल्या बाईनं जाताना मला हात केला.

त्यानंतर मी गेलेले नाही. तिच्यासाठी एवढं एकच करता येतं, न जाणं, आणि ते मी करते आहे. दुसरी गादी वहिनींच्या पाळणाघराला देऊन टाकली. मुलाखत आता शेवटचा भाग सोडून अजून दिसते. लोक खाली लिहितात, ताई, तुमच्यामुळे बळ मिळालं. मिळो बापडं. समुपदेशक बाई म्हणाल्या, "स्वतःला माफ करायला शिका." मी म्हटलं, "शिकेन हं, सवडीनं," आणि जायची बंद झाले.

हे लिहायला घेतलं तेव्हा मला त्या दुकानदाराची आठवण झाली. त्याच्याकडे माणसं येऊन बसून गेली होती ती माझ्यामुळे. म्हणून सांगते, ते दुकान झेरॉक्सचं नव्हतं. वार शनिवार नव्हता. कागद कपाटात नव्हते आणि ती निघणार होती ती दिवाळीनंतर नाही. खरं काय होतं ते कितीही वेळा विचारलंत तरी सांगणार नाही. हे बदल करताना मला दरदरून घाम फुटला. दोनदा खरं लिहून गेले, दोनदा ती पानं फाडून टाकली. आता जमलंय. चाळिशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला तरी सांभाळून घेण्यासाठी मी खोटं बोलले आहे. बहिणीला त्याचा आता काही उपयोग नाही.